डॉ. कोटणीस यांचा चीनमधील विवाह : परदेशस्थ विवाहाच्या वैधतेचा एक ऐतिहासिक अभ्यास

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव महाराष्ट्रात प्रामुख्याने त्यांच्या वैद्यकीय सेवेमुळे आणि आत्मार्पणामुळे परिचित आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक आणि त्यावर आधारलेला व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट यांनी ते नाव घरोघर पोहोचविले. या दोन्हींमुळे त्यांच्या चीनमधील विवाहाची कथाही लोकांस ठाऊक झाली. तथापि त्या विवाहाकडे विधिविषयक इतिहासाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले गेले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील एक हिंदू प्रजाजन, चिनी प्रजासत्ताकातील एक स्त्री, आणि ज्या प्रदेशात विवाह झाला तेथील युद्धकालीन क्रांतिकारी शासन, अशा तीन सत्तांच्या कायद्यांचा या एका विवाहाशी संबंध आला. परदेशात विवाह करणाऱ्या भारतीयासमोर त्या काळी कोणकोणत्या विधिविषयक अटी उभ्या राहत, आणि त्या अटींचा भार अखेरीस कोणावर पडे, याचा विचार करण्यास यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

१. विवाहाची पार्श्वभूमी

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी देशास आवाहन केले, निधी जमा झाला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर सदस्य होत. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई बंदर सोडले. १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले.

पुढे कोटणीस शान्सी, चाहार आणि होपेई या तीन प्रांतांच्या सीमेवरील प्रतिकारप्रदेशात गेले. १९४१ च्या आरंभी, दिवंगत कॅनेडियन शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. तेथील वैद्यकीय विद्यालयात परिचर्येचे अध्यापन करणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह सहकाऱ्यांच्या उपस्थितीत साधेपणाने झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे हिंदुस्थान आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने कोटणीस यांचे निधन झाले.

येणेप्रमाणे हा विवाह सुमारे एक वर्ष टिकला. परंतु विवाहाची वैधता हा प्रश्न पतिपत्नींच्या सहजीवनापुरता मर्यादित नसतो. पत्नीचे राष्ट्रीयत्व, अपत्याचे औरसत्व आणि राष्ट्रीयत्व, विधवेचे वारसाहक्क हे सर्व त्यावर अवलंबून असते. म्हणूनच पतीच्या मृत्यूने या प्रश्नाचे महत्त्व कमी होत नाही. उलट ते वाढते.

२. विधी कोठला आणि पात्रता कोठली

दोन देशांच्या कायद्यांचा संबंध येणाऱ्या विवाहाबाबत इंग्रजी न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात एक विभागणी रूढ केली. विवाहाचा विधी, म्हणजे समारंभ, साक्षीदार, नोंद इत्यादी बाह्यांग, ज्या स्थळी विवाह होतो तेथील कायद्याने ठरावा. आणि विवाह करण्याची पात्रता प्रत्येक पक्षाच्या अधिवासाच्या कायद्याने ठरावी. १८६१ सालच्या ब्रुक विरुद्ध ब्रुक या निर्णयात हे तत्त्व स्पष्टपणे मांडले गेले. हिंदुस्थानातील न्यायालयेही सामान्यतः याच मार्गाने जात.

विधीच्या बाजूने पाहता या विवाहास फारशी अडचण दिसत नाही. चिनी प्रजासत्ताकाच्या दिवाणी संहितेचा कुटुंबविषयक भाग ५ मे १९३१ पासून अमलात आला होता. त्यातील ९८२ व्या कलमाने विवाहास दोनच गोष्टी आवश्यक मानल्या होत्या : उघड समारंभ आणि दोन अथवा अधिक साक्षीदार. पुरोहित नको, धर्मविधी नको, सरकारी अधिकाऱ्याची उपस्थितीही नको. सीमाप्रदेशाचे शासन साम्यवादी पक्षाच्या नेतृत्वाखाली असले तरी १९३८ च्या जानेवारीत राष्ट्रीय सरकारने त्यास मान्यता दिली होती. त्यामुळे कागदोपत्री तेथे प्रजासत्ताकाचीच संहिता लागू होती. त्याच वेळी या शासनाने विवाहविषयक स्वतःचे नियमही हाती घेतले होते. १९४१ साली त्यांचा मसुदा निघाला व १९४३ साली त्यांस पक्के स्वरूप आले. उभय पक्षांची स्वेच्छा, एकपत्नीत्व आणि स्थानिक शासनाकडे नोंदणी ही या नियमांची मुख्य सूत्रे होती. सहकाऱ्यांच्या समक्ष उघडपणे झालेला विवाह दिवाणी संहितेच्या कसोटीस उतरतो, आणि बाह्यांगापुरते तेवढे पुरेसे मानता येते.

खरी गुंतागुंत पात्रतेची आहे. वैद्यकीय पथकाबरोबर ठराविक कार्यासाठी गेलेल्या कोटणीस यांचा मूळ अधिवास ब्रिटिश हिंदुस्थानातीलच राहिला होता, असे गृहीत धरणे प्राप्त आहे. केवळ दीर्घ वास्तव्याने मूळ अधिवास सुटत नाही. परदेशी कायमचे राहण्याचा निश्चय सिद्ध व्हावा लागतो. चिनी कायदाही येथे येऊन थांबतो. कायद्यांच्या लागूकरणासंबंधी चीनने १९१८ साली केलेल्या नियमांनुसार विवाहाची पात्रता प्रत्येक पक्षाच्या राष्ट्रीय कायद्याने ठरत असे. गुओ छिंगलान यांच्यापुरता तो चिनी संहितेचा कायदा. कोटणीस यांच्यापुरता ब्रिटिश प्रजाजनाचा. ब्रिटिश प्रजाजनाचा कायदा पाहू जाता तो अधिवासाकडे, म्हणजे हिंदुस्थानाकडे बोट दाखवितो. हिंदुस्थानात विवाहाचा सर्वांस समान असा कायदाच नव्हता. तेथे व्यक्तीच्या धर्माकडे बोट दाखविले जाई. होपेईमधील एका खेड्यात झालेल्या विवाहाची वैधता अशा रीतीने हिंदू धर्मशास्त्राच्या दारात येऊन उभी राहते.

३. हिंदू कायदा आणि त्यातून निघणाऱ्या वाटा

त्या काळच्या हिंदू कायद्यात हिंदू पुरुष आणि अहिंदू स्त्री यांच्या विवाहास स्थान नव्हते. आंतरजातीय विवाहाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने काही उदार निर्णय दिले होते. १९२२ सालच्या बाई गुलाब विरुद्ध जीवनलाल या प्रकरणात वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्री यांचा अनुलोम विवाह वैध ठरविण्यात आला. तथापि हा औदार्याचा परीघ हिंदू समाजाच्या आतला होता. समाजाबाहेरील स्त्रीशी विवाह करू इच्छिणाऱ्यास तीन वाटा उरत.

पहिली वाट १८७२ च्या विशेष विवाह अधिनियमाची. या कायद्यान्वये विवाह करणाऱ्यांस आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख अथवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानीत नाही, असे जाहीर करावे लागे. डॉ. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांस धर्मत्याग न करता परस्परांशी विवाह करण्याची मुभा मिळाली. परंतु या सवलतीची किंमत मोजावी लागे. असा विवाह करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाई, दत्तक घेण्याचा त्याचा हक्क जाई, आणि त्याच्या मालमत्तेस हिंदू कायद्याऐवजी भारतीय वारसा अधिनियम लागू होई. शिवाय हा सर्व विवाह ब्रिटिश हिंदुस्थानातील निबंधकासमोर व्हावा लागे. होपेईच्या डोंगराळ भागात ही वाट मुळातच बंद होती.

दुसरी वाट ब्रिटिश पार्लमेंटच्या १८९२ च्या परदेशी विवाह अधिनियमाची. विवाह करणाऱ्यांपैकी निदान एकजण ब्रिटिश प्रजाजन असल्यास परदेशातील ब्रिटिश वकील अथवा वाणिज्यदूत यांच्यासमोर विवाह करता येई. त्यासाठी लेखी सूचना द्यावी लागे, ती चौदा दिवस जाहीर राहावी लागे, दोघांनीही त्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात तीन आठवडे वास्तव्य केल्याचे शपथेवर सांगावे लागे, आणि दोन साक्षीदारांसमक्ष उघड्या दाराने विधी करावा लागे. शांततेच्या काळात शांघायमध्ये नोकरी करणाऱ्या हिंदी माणसास हे अशक्य नव्हते. सीमाप्रदेशास सर्वांत जवळच्या ब्रिटिश कचेऱ्या पेइपिंग व तिएन्त्सिन येथे होत्या, आणि ही दोन्ही शहरे १९३७ पासून जपानी सैन्याच्या ताब्यात होती. जपानविरोधी सैन्याच्या रुग्णालयाच्या प्रमुखाने तेथे जाऊन तीन आठवडे वास्तव्य करणे म्हणजे शत्रूच्या हाती स्वाधीन होणे होय. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपान आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले आणि त्या कचेऱ्यांचे कार्यही थांबले.

तिसरी वाट धर्मांतराची. महाराष्ट्राच्या स्मरणात तिचे एक गाजलेले उदाहरण आहे. इंदूरचे माजी अधिपती तुकोजीराव होळकर यांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन युवतीशी विवाह केला. विवाहापूर्वी नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्याकरवी तिला हिंदू धर्मात घेण्यात आले आणि शर्मिष्ठादेवी असे नाव देण्यात आले. या संस्काराचा विधिविषयक अर्थ उघड आहे. वधूची पात्रता हिंदू कायद्यात बसत नव्हती. म्हणून कायदा न बदलता वधूचा धर्म बदलण्यात आला. कोटणीस यांच्या विवाहात असे काही झाले नाही. तेथे वराने चिनी भाषा आत्मसात केली होती व के तिहुआ हे चिनी नाव धारण केले होते. परंतु नाव बदलल्याने व्यक्तिगत कायदा बदलत नाही.

या तिन्ही वाटा बंद असल्या तरी विवाह अवैध होता, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. १९०९ साली इंग्लंडमध्ये चेट्टी विरुद्ध चेट्टी हे प्रकरण न्यायालयापुढे आले. मद्रासकडील एका हिंदू गृहस्थाने इंग्लंडमध्ये इंग्रज स्त्रीशी तेथील पद्धतीने विवाह केला होता. पुढे पत्नीने दाद मागितली तेव्हा, आपल्या धर्माप्रमाणे अहिंदू स्त्रीशी विवाह करण्यास आपण पात्रच नव्हतो, असा बचाव त्याने केला. न्यायालयाने तो फेटाळला. ज्या देशात येऊन त्याने विवाह केला त्या देशात धर्मावर आधारलेली अपात्रता दाखवून पत्नीस टाकता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. हेच तत्त्व चीनमधील विवाहास लावल्यास कोटणीस यांचा विवाह निःसंशय वैध ठरतो. मात्र हा निर्णय इंग्लंडमध्ये झालेल्या विवाहापुरता होता आणि हिंदुस्थानातील न्यायालयांवर तो बंधनकारक नव्हता. स्थळाचा कायदा विवाह वैध म्हणतो, इंग्रजी निर्णयाची दिशा त्यास अनुकूल आहे, आणि व्यक्तिगत कायदा मौन धरतो किंवा नकार देतो, असे १९४१ सालचे चित्र होते.

४. राष्ट्रीयत्वाचा प्रश्न

विवाह वैध मानल्यास त्याचे जे परिणाम होत, त्यात त्या काळच्या कायद्याचे खरे स्वरूप दिसून येते. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व अधिनियमाप्रमाणे ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ही ब्रिटिश प्रजाजन समजली जाई. तिने अर्ज करण्याची, किंबहुना तिला ते ठाऊक असण्याचीही आवश्यकता नव्हती. चीनच्या १९२९ च्या राष्ट्रीयत्व कायद्यात मात्र परकीयाशी विवाह करणाऱ्या चिनी स्त्रीचे राष्ट्रीयत्व आपोआप जात नसे. तिने स्वतः मागणी करावी आणि गृहखात्याने परवानगी द्यावी तेव्हाच ते संपुष्टात येई. परिणामी गुओ छिंगलान या चीनच्या दृष्टीने चिनी राहिल्या आणि लंडनच्या दृष्टीने ब्रिटिश प्रजाजन झाल्या.

पुत्राची स्थिती याहून विलक्षण होती. चीनचा १९२९ चा कायदा राष्ट्रीयत्व मुख्यतः पित्याकडून देत असे. पिता अज्ञात अथवा राष्ट्रहीन असेल तेव्हाच मातेकडे पाहिले जाई. ब्रिटिश कायद्यानेही परदेशात जन्मलेल्या औरस अपत्याचे राष्ट्रीयत्व पित्यावरूनच ठरे. मात्र पिता स्वतः ब्रिटिश राज्यात जन्मलेला असावा लागे. सोलापूर हे मुंबई इलाख्यातील, म्हणजे प्रत्यक्ष ब्रिटिश राज्यातील शहर होते. सबब कोटणीस हे जन्माने ब्रिटिश प्रजाजन आणि त्यांचा पुत्रही ब्रिटिश प्रजाजन ठरे. सोलापूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर अक्कलकोट हे संस्थान होते. संस्थानी प्रजा ब्रिटिश प्रजाजन मानली जात नसे. तिला केवळ ब्रिटिश संरक्षित व्यक्तींचा दर्जा होता. कोटणीस यांचा जन्म अक्कलकोटास झाला असता तर तोच विवाह, तीच वधू आणि तोच पुत्र असूनही मातापुत्रांचे राष्ट्रीयत्व वेगळे ठरले असते. स्त्रीचे आणि मुलाचे राष्ट्रीयत्व पतीच्या जन्मगावाच्या हद्दीवरून ठरविणारा कायदा किती यांत्रिक होता, हे यावरून ध्यानात येते. ज्या मुलाच्या नावात हिंदुस्थान आणि चीन हे दोनच देश होते, तो त्या कायद्याच्या लेखी ब्रिटनचा प्रजाजन होता. आणि ज्या पित्याकडून हे प्रजाजनत्व त्यास मिळाले तो काँग्रेसच्या पथकातून, एका परतंत्र देशाची सहानुभूती घेऊन, तेथे गेलेला होता.

विधवेच्या हक्कांचाही विचार येथेच येतो. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली संमत झालेल्या कायद्याने हिंदू विधवेस पतीच्या मालमत्तेत पुत्राइतका, परंतु हयातीपुरता, वाटा दिला होता. हा हक्क सांगण्यासाठी प्रथम ती हिंदू कायद्याने मान्य अशी पत्नी असावी लागे. स्थळाच्या कायद्याने पत्नी आणि व्यक्तिगत कायद्याने अपरिचित अशा स्त्रीस या सुधारणेचा लाभ मिळाला असता किंवा नाही, याचे उत्तर न्यायालयाच्या कौलावर अवलंबून राहिले असते. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या दूरच्या देशातून अशी दाद मागणे कितपत शक्य होते, हा त्याहून निराळा प्रश्न.

५. उत्तरकालीन कायदा

१९४८ ते १९६९ या दोन दशकांत वरील अडचणींपैकी बहुतेकांचे निराकरण झाले. परंतु ते एकदम झाले नाही. १९४८ च्या ब्रिटिश कायद्याने विवाहामुळे स्त्रीचे राष्ट्रीयत्व आपोआप बदलण्याची पद्धत बंद केली. भारतीय संविधानाच्या आठव्या अनुच्छेदाने, ज्याचे आईवडील अथवा आजीआजोबा यांपैकी कोणीही अविभक्त हिंदुस्थानात जन्मले असतील अशा परदेशस्थ व्यक्तीस, भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिक होण्याचा मार्ग खुला केला. या अनुच्छेदात पित्याबरोबर मातेचाही विचार आहे, हे विशेष. यिनहुआ यास हा मार्ग उपलब्ध होता. तो मात्र चीनमध्येच वाढला, पित्याप्रमाणे वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळला आणि १९६७ साली तरुणपणीच निधन पावला.

विवाहाच्या कायद्यात १९५४ चा विशेष विवाह अधिनियम हा महत्त्वाचा टप्पा होय. त्याने धर्माच्या घोषणेची अट पूर्णपणे काढून टाकली. आज कोणी परदेशी स्त्री सोलापुरात भारतीय पुरुषाशी विवाह करू इच्छीत असेल, तर दोघांपैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य करून विवाह-अधिकाऱ्यास सूचना द्यावी, तीस दिवस हरकतींची वाट पाहावी आणि तीन साक्षीदारांसमक्ष विवाह करावा, एवढे पुरते. परंतु देशाबाहेर होणाऱ्या विवाहापुरती मूळ अधिनियमाने एक अट ठेवली होती : दोन्ही पक्ष भारतात अधिवास असलेले भारतीय नागरिक असावेत. म्हणजे १९५४ नंतरही कोटणीस आणि गुओ छिंगलान यांच्यासारख्या दांपत्यास परदेशात या कायद्याचा आश्रय मिळाला नसता.

ही उणीव विधी आयोगाने १९६२ साली परदेशी विवाहांसंबंधी दिलेल्या तेविसाव्या अहवालानंतर दूर झाली. १९६९ च्या परदेशी विवाह अधिनियमाने दोहोंपैकी एक पक्ष भारतीय नागरिक असणे पुरेसे मानले. कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नसावा, उभयतांची मनःस्थिती विवाहास योग्य असावी, वराचे वय एकवीस व वधूचे अठरा असावे, आणि ते निषिद्ध नात्यातील नसावेत, अशा अटी त्यात आहेत. धर्म अथवा जात यांचा अटींत उल्लेख नाही. तीस दिवसांचे वास्तव्य, पूर्वसूचना आणि तीन साक्षीदार ही चौकट १८९२ च्या कायद्याची आठवण करून देते. मात्र त्यात दोन मौलिक भर आहेत. परदेशात तेथील कायद्याने आधीच झालेला विवाह भारतीय विवाह-अधिकाऱ्याकडे नोंदविता येतो. आणि एखाद्या देशाचा विवाहविषयक कायदा भारतीय कायद्याशी सदृश असल्यास तेथील विवाहांस मान्यता असल्याचे केंद्र सरकार जाहीर करू शकते. खेड्यात सहकाऱ्यांसमक्ष झालेल्या विवाहास मायदेशाच्या दप्तरात जागा मिळवून देण्याची सोय प्रथमच झाली.

चीनमध्येही समांतर परिवर्तन घडले. १९५० च्या विवाहकायद्याने नोंदणी आवश्यक केली, आणि १९८० च्या राष्ट्रीयत्व कायद्याने मातापित्यांपैकी कोणीही एक चिनी असल्यास चीनमध्ये जन्मलेल्या अपत्यास चिनी मानले. आज यिनहुआसारख्या बालकास चीनमध्ये मातेकडूनच राष्ट्रीयत्व मिळाले असते.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. १९४१ साली परदेशात विवाह करणाऱ्या भारतीयाच्या विवाहाचे तीन अंश तीन निरनिराळ्या सत्तांच्या हाती होते : विधी स्थानिक शासनाच्या, पात्रता धर्माच्या आणि राष्ट्रीयत्व साम्राज्याच्या. यांपैकी कोणत्याही सत्तेने वधूची इच्छा विचारात घेण्याची तजवीज केली होती काय, असे पाहू जाता ती केवळ चिनी कायद्यात आढळते. साखरपुडा उभयतांनी स्वतःच करावा आणि राष्ट्रीयत्व स्त्रीने मागितल्याशिवाय जाऊ नये, या दोन्ही तरतुदी तेथील आहेत. भारतीय कायद्यास त्या जागी पोहोचण्यास १९६९ साल उजाडावे लागले.

व्यवहारात मात्र या विवाहाची मान्यता कोणत्याही न्यायालयाच्या निर्णयासाठी अडून राहिली नाही. गुओ छिंगलान यांनी पुढे अनेकदा भारतास भेट दिली आणि कोटणीस कुटुंबाने त्यांस सुनेच्या नात्याने आपले मानले. २०१२ साली डालियन येथे त्यांचे निधन झाले, तोपर्यंत हा संबंध टिकून होता. सोलापुरातील कोटणीस यांचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. कुटुंबाने जे सहज केले ते करण्यास कायद्यास कित्येक वर्षे लागली, ही गोष्ट विधीच्या इतिहासकाराने दृष्टीआड करता कामा नये. परदेशस्थ विवाहांचा अभ्यास केवळ निबंधकांच्या नोंदवह्यांवरून केला, तर असे अनेक विवाह नोंदीअभावी झालेच नाहीत असे समजण्याची चूक होईल. प्रत्येक विवाहास त्या त्या वेळी कोणकोणते कायदे लागू होते, त्यांपैकी कोणते दार उघडे होते आणि कोणते बंद, हे आधी निश्चित केले पाहिजे. मग नोंदीचा अभाव हा विवाहाचा दोष की कायद्याचा, याचा निवाडा करता येतो. कोटणीस यांच्या विवाहाबाबत तो दोष कायद्याचा होता.